सूर्यभान खिल्लारेंच्या पुस्तकावरचा माझा शेरा

पाण्याचा दिवस होता. आमच्या भागात नळ एक दिवसाआड यायचा आणि आला की पाऊण तासात जायचा. त्यामुळे त्या सकाळी घरात कुणी कुणाशी बोलायचं नाही, असा अलिखित नियमच होता. आधी हौद, मग हंडे, मग बादल्या आणि उरलंच तर रिकामी पातेली. ह्यांची दाढी अर्धी झाली होती. तव्यावर शेवटची भाकरी होती. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

आमच्या गल्लीत दार कुणी वाजवत नाही. ओळखीचं माणूस अंगणातूनच हाक मारत येतं आणि थेट ओट्यावर टेकतं. दार वाजलं म्हणजे परकं माणूस. भाकरी उतरवून, हात पदराला पुसत मी बाहेर आले.

तिशीच्या आतबाहेरचा एक सडपातळ माणूस उभा होता. शर्ट पांढरा, कडक इस्त्रीचा. सायकल भिंतीला टेकवलेली. पँटचे पाय चेनमध्ये अडकू नयेत म्हणून लावलेल्या क्लिपा काढायच्या राहून गेल्या होत्या. खांद्याला कापडी पिशवी.

"नमस्कार, बाई. मी सूर्यभान खिल्लारे. पेडगावचा. इथं टायपिंगच्या क्लासमधे शिकवतो," तो म्हणाला. मग जरा थांबून, "ते पुस्तक माझं."

"कुठलं पुस्तक?" मी विचारलं.

मला माहीत होतं कुठलं. नाव ऐकताक्षणी माहीत झालं होतं. तरी मी विचारलं, आणि त्यालाही ते कळलं असावं, कारण त्यानं सरळ पिशवीत हात घातला. एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यासमोर धरला. माझंच अक्षर होतं. हिरव्या शाईतलं. हिरवी शाई मला आवडते, तिनं लिहिलं की आपण कुणीतरी आहोत असं वाटतं.

तो कागद माझ्या हातून कसा लिहिला गेला, ते आधी सांगायला हवं.

ब्याण्णव साल होतं. गावातल्या एका वाचनालयानं ठरवलं, की जिल्ह्यातल्या चाळीस हायस्कुलांना कॉम्प्युटर शिकायचं एक सोपं मराठी पुस्तक भेट द्यायचं. काही शाळांमध्ये सरकारी यंत्रं येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. बहुतेक ठिकाणी ती टेबलक्लॉथखाली होती आणि दसऱ्याला त्यांना झेंडू वाहिला जायचा. पुस्तक हवंच होतं. वाचनालयानं जाहीर केलं आणि तीन पुस्तकं आली. परीक्षकही तीन. एक बन्सीधरराव, निवृत्त हेडमास्तर, ह्यांचे शाळेतले सर. दुसरे एक प्राध्यापक, ते सहीपुरते. तिसरी मी. मी बी.एस्सी., गणित घेऊन, आणि लग्नाआधी औरंगाबादला सहा महिने बेसिकचा कोर्स केलेला. बेसिक म्हणजे यंत्राला कामं सांगायची सगळ्यात सोपी भाषा. ती येणारी माणसं त्या वेळी परभणीत बोटांवर मोजण्याइतकी होती आणि त्यातलं एक बोट पोळपाट-लाटण्यात अडकलेलं होतं, म्हणून बन्सीधररावांना ते फार सोयीचं वाटलं. सूनबाई घरीच असतात, वाचतील दुपारच्या, असं ते ह्यांना म्हणाले.

मी वाचली. खरंच मन लावून वाचली. लग्नानंतर सात वर्षांनी मला कुणी डोक्याचं काम दिलं होतं.

नवशिक्याचं पुस्तक पारखायची माझी एक पद्धत होती. आपल्याला समजलं याला काही अर्थ नसतो, कारण आपल्याला ते आधीच येत असतं. ज्याला काहीच येत नाही त्याच्या हातात द्यायचं आणि त्याच्या तोंडाकडे पाहत बसायचं. भुवया कुठे आवळतात, बोट कुठल्या ओळीवर परत जातं, जांभई कुठे येते. एखादा शब्द लेखकानं अर्थ सांगायच्या आधीच वापरला की बोट अडतं. आणि पुस्तकात चुकलं तर काय करायचं हे सांगितलंय का, ते पाहायचं. शिकणारा चुकणारच. जे पुस्तक फक्त बरोबर आलेलंच दाखवतं ते स्वतःच्या कौतुकासाठी लिहिलेलं असतं.

माझी नवशिकी म्हणजे शेजारच्या कुसुमबाई. शिक्षण सातवी, ब्लाउज शिवायच्या. दुपारी हातशिलाई घेऊन माझ्याकडे बसायच्या. मी त्यांच्यापुढे तिन्ही पुस्तकं एकेक करून ठेवली.

पहिलं पुण्याचं होतं. रंगीत कव्हर, गुळगुळीत कागद, लेखकाच्या नावापुढे तीन पदव्या. कुसुमबाईंनी चौथ्या पानावर ते बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, दिसायला लय छान हाय. दुसरं कुठल्यातरी इंग्रजी पुस्तकाचं भाषांतर होतं. त्याच्या पहिल्याच ओळीत सात जोडाक्षरं होती. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

तिसरं सायक्लोस्टाइल केलेलं होतं, दोऱ्यानं शिवलेलं, कव्हरला खाकी कागद. वाचनालयाच्या नियमाप्रमाणे नाव झाकलेलं. त्यात प्रत्येक धड्याच्या वर एक प्रश्न होता आणि तो कुणी विचारला तेही लिहिलेलं होतं. एक प्रश्न क्लासची झाडलोट करणाऱ्या दगडाबाईंचा होता: चुकलं तर यंत्राला राग येतो का? उत्तर असं, की यंत्र एक ओळ लिहून दाखवतं, तिचा अर्थ "मला कळलं नाही" एवढाच असतो, तो अपमान समजू नये. कुसुमबाई हसल्या. शिवण बाजूला राहिली. त्या पान उलटत गेल्या आणि मी त्यांच्या तोंडाकडे पाहत बसले. बोट कुठे अडलं नाही.

तेवीस नंबरच्या पानावर त्या थांबल्या.

त्या पानावर "असं असेल तर" हे शिकवलं होतं. यंत्राला अट कशी सांगायची. उदाहरण हापशाचं होतं. एका गावात हापशावर दोन रांगा असतात. वरच्या आळीची रांग संपली असेल तर खालच्या आळीनं घागर लावावी. संपली नसेल तर थांबावं. यंत्रालाही असंच सांगावं लागतं. फरक एवढाच, की यंत्र "का थांबू" असं विचारत नाही. खाली दहा ओळींचा प्रोग्राम. पान उलटलं की त्याच हापशाचा दुसरा प्रोग्राम, एकच रांग असलेला. जो आधी आला त्याचा नंबर आधी. त्याखाली लेखकानं लिहिलं होतं: हा प्रोग्राम चार ओळींनी लहान आहे.

बस. आणखी एक शब्द नाही.

कुसुमबाई आधी खुदकन हसल्या. मग बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिल्या. "आमी वरच्या आळीचे," त्या म्हणाल्या. "माहेरी मी किती बाया अशा थांबवल्या असतील वहिनी. आपली घागर भरली तरी उगंच धुवायची परत." आणि मग, "ह्यो माणूस शिकवायलाय बरोबर. मला समजलं बघा ते."

सातवी शिकलेल्या बाईला दुपारच्या दीड तासात अट समजली होती. माझ्या पद्धतीनं निकाल लागलेला होता. इतकं स्वच्छ मला क्वचितच काही कळलं असेल.

दोन दिवसांनी बन्सीधरराव आले. चहा झाला. पेपरातल्या बातम्या झाल्या. मग त्यांनी मला विचारलं, की पान तेवीस पाहिलं का सूनबाई. मी म्हटलं, पाहिलं, फार चांगलं आहे. ते हसले. चांगलं आहे हो, पण चाळीस शाळांत जाणार. नामांतराचं घोंगडं अजून भिजत पडलंय. उद्या एखाद्या गावचा सरपंच उठला, हे पुस्तक कुणी निवडलं म्हणाला, तर कागदावर आपल्या सह्या. आणि लेखक कोण असेल हे सांगायला नाव उघडून बघायची गरज आहे का?

नव्हती. हापशावर खालच्या आळीत उभं राहिल्याशिवाय तसं लिहिता येत नाही. मलाही ते पहिल्या वाचनातच कळलं होतं. नाव झाकलेलं पुस्तक आम्ही दोघं जण नावासकट वाचत होतो.

ते गेल्यावर हे म्हणाले, आपलं नाव कशाला गुंतवायचं उगीच.  मला कुणी धमकावलं नाही, कुणी हात धरला नाही. चहा पिऊन एक म्हातारा माणूस घरी गेला, एवढंच घडलं होतं.

मी कागद पुढे घेतला. त्यावर चार रकाने होते: भाषा, मांडणी, उपयुक्तता, अचूकता. प्रत्येकाला पंचवीस गुण. भाषेला आणि मांडणीला कमी द्यायला माझा हात धजेना. कितीही ओढून-ताणून केलं तरी पुण्याचं पुस्तक मागे राहात होतं. उपयुक्ततेत मी लिहिलं: "पान २३ वरील उदाहरण वादग्रस्त." तरी बेरीज पुढेच. राहिली अचूकता. तिथे मी सहा गुण दिले. दहाच्या खाली गुण दिले तर कारण लिहायचं असा नियम होता. मग मी हिरव्या शाईनं कारण लिहिलं:

"प्रोग्राम प्रत्यक्ष यंत्रावर चालवून पाहिलेले नाहीत."

ते खरं आहे की खोटं, मला माहीत नव्हतं. मी एकही प्रोग्राम चालवून पाहिला नव्हता, या पुस्तकातलाही नाही आणि पुण्याच्याही पुस्तकातला नाही. ह्यांच्या ऑफिसात यंत्र होतं, विचारलं असतं तर एखादी दुपार मिळाली असती. मी विचारलं नाही. पुण्याच्या पुस्तकाला अचूकतेत तेवीस गुण दिले, कारण तीन पदव्यांचा माणूस चुकीचं कशाला छापेल. आणि ज्या पुस्तकाला कव्हर नव्हतं त्याच्यावर, कुणीही न उघडता विश्वास ठेवेल असं एक खोटं लिहून मोकळी झाले.

मग वरणाला फोडणी दिली. त्या दिवशीचं वरण चांगलं झालं होतं हेसुद्धा आठवतं, आणि तेच जास्त लागतं.

निवड न झालेली पुस्तकं शेऱ्यासकट परत पाठवायची वाचनालयाची रीत होती. शेऱ्यावर परीक्षकाचं नाव नसतं. सूर्यभान आधी बन्सीधररावांकडे गेला होता. ते त्याला म्हणाले, की मी तर तुमच्या बाजूचा होतो, पण बाईच आडव्या आल्या. आणि माझा पत्ता दिला.

हे त्यानं मला आमच्या बैठकीत बसून सांगितलं. राग न धरता, एखाद्या तिऱ्हाइताची हकिगत सांगावी तसं. "मास्तर लय भले माणूस हायत," एवढं मात्र म्हणाला, आणि त्याच्या ओठाचा कोपरा जरासा हलला.

हे अर्धी दाढी पुसून बाहेर आले आणि समोर बसले. कोण, कुठले, वडील काय करतात, अशी आमच्याकडची नेहमीची चौकशी सुरू झाली. त्या चौकशीचा शेवट कुठे होतो हे तिघांनाही ठाऊक होतं. चार प्रश्न वाचवावेत तसं त्यानंच सांगून टाकलं. वडील सटवाजी, रेल्वेत गँगमन, आता नाहीत. आई तानुबाई, अजून रोजानं जाते, नको म्हटलं तरी. घर खालच्या आळीत. पान तेवीसवर हाय तेच.

ह्यांनी पेपर उचलला. तो उलटा धरला होता.

मग मी विचारत गेले आणि तो सांगत गेला. अठ्ठ्याहत्तर साली तो आठवीत होता. त्या पावसाळ्यात, नामांतराच्या दंगलीत, घर सोडून त्यांना तीन आठवडे परभणीत मामाकडे राहावं लागलं. त्याबद्दल तो एवढंच म्हणाला, की परत गेलो तेव्हा शाळेची चाचणी होऊन गेलेली होती. पुढे बारावीला इंग्रजीत दोनदा नापास. तिसऱ्यांदा पास. टायपिंग मात्र असं, की मराठी आणि इंग्रजी दोन्ही परीक्षांना पहिल्या फेरीत सुटला, आणि ज्या क्लासमध्ये शिकला तिथेच शिकवायला लागला. अठ्ठ्याऐंशीत मालकांनी एक कॉम्प्युटर घेतला. त्याच्यासाठी काचेची खोली केली. चपला बाहेर, बोलायचं हळू. शिकवायला मालकांचा पुतण्या येणार होता, तो दोन महिन्यांत मुंबईला गेला. यंत्र राहिलं आणि त्याच्याबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक राहिलं.

ते पुस्तक सूर्यभाननं डिक्शनरी घेऊन मराठीत उतरवलं. दोन वर्षं लागली. इंग्रजीत दोनदा नापास झालेल्या माणसानं. उतरवून झाल्यावर लक्षात आलं, की भाषांतर वाचूनही क्लासच्या पोरींना काही समजत नाही, कारण मूळ पुस्तकालाच शिकणारा माणूस माहीत नाही. मग ते बाजूला ठेवून त्यानं वर्षभर फक्त प्रश्न गोळा केले. कोण काय विचारतं, कोण कुठं अडतं, वहीत लिहीत गेला. दगडाबाई रोज काच पुसता पुसता काहीतरी विचारायच्या. त्यांचे एकूण नऊ प्रश्न पुस्तकात आहेत, असं तो म्हणाला, आणि त्या सकाळी पहिल्यांदा मोकळेपणानं हसला. "त्यांना वाटतंय, पुस्तक त्यांनीच लिवलंय. तसं खोटं न्हाई म्हणा."

मी ऐकत होते. मी कुसुमबाईंच्या तोंडाकडे पाहत दीड तास जे केलं आणि ज्याला माझी पद्धत म्हणून मिरवलं, ते या माणसानं वर्षभर रोज केलं होतं.

चहा झाला तरी खरं बोलणं निघेना. शेवटी ह्यांनीच पेपर खाली ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, की हे पाहा, परीक्षकाचं मत हे शेवटी मत असतं. कुणाला पटतं, कुणाला नाही.

"मत असतं तर मी आलोच नसतो, साहेब," सूर्यभान म्हणाला. "वादग्रस्त लिवलंय, ते मत हाय. लिहिताना मला ठाऊकच होतं कुणीतरी तसं म्हणणार. पण प्रोग्राम चालला का न्हाई चालला, हे मत नसतं. ते चालतं, न्हाईतर चालत न्हाई."

हे परत पेपरात गेले. या खेपेला पेपर उलटा नव्हता, पण वाचतही नव्हते.

सूर्यभाननं पिशवीतून एक जाड गठ्ठा काढून दिवाणावर ठेवला. दोन्ही कडांना भोकं असलेला यंत्राचा कागद, एकसलग, पंख्यासारख्या घड्या पडलेला. त्यानं तो उलगडायला सुरुवात केली. पुस्तकातल्या क्रमानं एकेक प्रोग्राम, त्याखाली यंत्रानं दिलेलं उत्तर, त्याखाली पेनानं तारीख. रिबन जुनी झालेली, अक्षरं काही ठिकाणी इतकी फिकट की त्यानं पेन्सिलीनं गिरवली होती. क्लास सकाळी सहा ते रात्री नऊ, यंत्र मोकळं दुपारी दोन ते चार. त्यात वीज असेल तर. मे महिन्यात काचेच्या खोलीत पंखा लावायचा नाही, कारण यंत्राला आणि पंख्याला मिळून एकच प्लग होता. असे एकसष्ट प्रोग्राम. काही पाच-पाच वेळा चालवलेले, आधी चुकलेले आणि मग बरोबर आलेले. चुकलेलेही त्यानं ठेवले होते.

"पुस्तकात बी तारीख हाय," तो म्हणाला. "दर पानाच्या खाली, उजव्या कोपऱ्यात. ज्या दिवशी चाललं त्या दिवसाची. प्रस्तावनेत तसं लिवलेलं हाय."

त्या तारखा मी पाहिल्या होत्या. बारीक अक्षरातल्या, प्रत्येक पानाखाली. मला वाटलं, लिहिल्याची तारीख असेल. वाटलं म्हणजे, वाटून घेतलं. प्रस्तावना मी वाचलीच नव्हती. प्रस्तावनेत लेखक आपलं कौतुक करतो आणि त्यावरून पुस्तक पारखू नये, हाही माझ्या पद्धतीचा एक भाग होता.

हौदाचा काठोकाठ भरल्याचा आवाज आतून येत होता. उठून नळ बंद करायचं मला सुचलं नाही. हे उठले.

त्यांची पाठ वळली तेव्हा मी हळूच विचारलं, पुण्याचं पुस्तक पाहिलंत का तुम्ही. त्यानं मान हलवली. ते क्लासमध्येही आलं होतं, शाळेच्या पोरी घेऊन यायच्या. मला वाटलं आता हा काही बोलणार आणि मला ते ऐकावं लागणार. पण तो सांगावं की नाही अशा विचारात पडल्यासारखा दिसला. मी परत विचारलं तेव्हा म्हणाला, की पान एकोणीसवरच्या प्रोग्राममधे मोजणी पुढं सरकवायची ओळच छापायची राहिली हाय. त्यामुळं तो थांबतच न्हाई. पडद्यावर एकच आकडा येत राहतो, पोरी घाबरतात, मेन स्विचच बंद करतात. "मी ती ओळ पेन्सिलीनं लिवून देतो त्यांच्या पुस्तकात. पुढं सहा ठिकाणी अजून हाय तसंच. मी एक कागदच करून ठेवलाय, आली पोरगी की देतो."

तेवीस गुण. माझ्या हातचे.

म्हणजे मी निवडलेलं पुस्तक चालावं म्हणून मी नाकारलेला माणूस रोज दुपारी त्यात ओळी भरत होता. हे तो टोमणा म्हणून सांगत नव्हता. मी विचारलं नसतं तर त्यानं ते सांगितलंही नसतं. टोमणा मारला असता तर मला काहीतरी उत्तर सुचलं असतं. आता मी जमिनीकडे पाहत बसले होते, आणि त्याच्या पायांतल्या सायकलच्या क्लिपा मला दिसत होत्या. पेडगावहून इथवर तो त्या कागदासाठी आला होता आणि याच उन्हात परत जाणार होता.

"मी चालवून पाहिले नव्हते," मी म्हटलं. "तुमचेही नाही आणि त्यांचेही नाही. तुम्ही चालवले नाहीत, हे मी असंच लिहिलं. गुण कमी करायला कारण हवं होतं."

हे आतून येता येता दारातच थांबले.

 सूर्यभान कागदाच्या घड्या पुन्हा घालत होता, कड कडेला जुळवून, सावकाश. त्याला धक्का बसलेला दिसला नाही. फक्त जे त्याला आधीपासून माहीत होतं, ते कुणीतरी मोठ्यानं म्हटल्यावर माणूस जसा जरा थकल्यासारखा दिसतो, तसा दिसला.

मग मी भराभरा बोलू लागले. वाचनालयाला पत्र लिहिते. निवड परत व्हायला हवी, मी स्वतः जाऊन सांगते. नवा शेरा लिहून देते, अचूकतेला पंचवीस. ह्यांच्या ओळखीचे विद्यापीठात आहेत, त्यांच्याकडून छापायचं पाहते. पान तेवीसबद्दलचंही काढून टाकते. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की यातलं बरंचसं मी त्याच्यासाठी बोलत नव्हते. मला ते ओझं ताबडतोब, आत्ताच्या आत्ता, भाकरी निवायच्या आत उतरवून टाकायचं होतं, आणि तेही चार माणसांत चांगलं दिसेल अशा रीतीनं.

त्यानं मला बोलू दिलं. शेवटी म्हणाला, की निवड झाली, पुस्तकं शाळांत गेली, आता ते राहू द्या. औरंगाबादचे एक प्रकाशक पुस्तक छापायला तयार हायत. त्यांनी पान तेवीस वाचलंय आणि ठेवा म्हणालेत. पण वाचनालयाच्या निवडीला पुस्तक गेलं होतं हे त्यांच्या कानावर हाय, आणि तिथला शेरा बघितल्याबिगर ते पुढं जाणार न्हाईत. उद्या सकाळच्या गाडीनं जायचं हाय. हा कागद त्यांच्यासमोर ठेवायचा हाय. वादग्रस्त म्हटलेलं ते वाचतील, हसतील, चालतं. पण कॉम्प्युटरचं पुस्तक आणि प्रोग्राम चालवलेच न्हाईत म्हटलं, तर कुणी का छापावं? तेही बरोबरच हायत. एवढा गठ्ठा बघायला त्यांना वेळ न्हाई. कागदावरची एक ओळ मात्र बघतात.

मी म्हटलं, म्हणूनच नवा कागद लिहून देते ना.

"नवा नको, बाई. नवा कागद नेला तर म्हणतील, घरी जाऊन लिवून आणला. आणि तुमाला बी कुणी विचारंल, आधी असं, आता तसं, कसं काय. ह्याच कागदावर हाय ते राहू द्या. सहा गुण हायत ते सहाच राहू द्या, त्याचं मी बघतो. माझं एवढंच म्हणणं हाय."

त्यानं शेऱ्याची घडी उघडून तो माझ्यासमोर ठेवला, खिशातलं पेन काढून त्यावर आडवं ठेवलं, आणि अचूकतेच्या रकान्याखालच्या हिरव्या ओळीवर बोट ठेवलं.

"प्रोग्राम चालवून पाहिलेले नाहीत, ही ओळ तेवढी खोडा. आणि बाजूला सही करा, आजची तारीख घालून."